विमलताईसमोर वाचून दाखवताना

विमलताई गेल्याचं मला ग्रुपवरच कळलं. अकोल्यातलं माझं बियाण्याचं दुकान त्या दिवशी नुकतंच उघडलं होतं, उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात फोनवर तिचा फोटो आला. झेंडूच्या वावरात उभी, कॅमेऱ्याकडे संशयानं पाहणारी. खाली भातकुलीच्या रेखानं लिहिलं होतं की ताई सकाळी फुलं तोडून आली, ओसरीवर टेकली आणि गेली. श्रद्धांजल्यांच्या रांगेत तिसराच माणूस विचारत होता, 'मिरचीची पानं गोळा होऊन राह्यली, काय फवारू?' मला रडू आलं आणि हसूही. ताई असती तर तिनं आधी त्यालाच उत्तर दिलं असतं.

ती माझी मावसबहीण, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. वलगावला दोन एकरांत फुलं आणि भाजी काढायची. शिक्षण सातवी. भाचीनं तिला फेसबुकवर एक ग्रुप काढून दिला, भाजीवाल्या-फुलवाल्या शेतकऱ्यांचा, आणि बघता बघता चांदूर बाजारापासून अकोल्यापर्यंतची माणसं त्यात जमली. माणसं आली म्हणजे भांडणंही आली. एकमेकांची आय-माय निघायची. कुणाचं लिहिणं ठेवायचं आणि कुणाचं काढायचं, यासाठी ताईची एकच पद्धत होती. दुपारी ओसरीवर शेजारच्या बाया हार ओवायला बसत. त्यांच्यासमोर ती ते लिहिलेलं मोठ्यानं वाचायची, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. वाचताना जीभ अडली, की काढून टाकायचं. 'जे चारचौघीत तोंडातून निघत नाही, ते बोटातून काहून निघावं?' एवढंच तिचं म्हणणं. पुण्याचा एक शिकलेला सभासद तिला नियमावली करून देणार होता. ती म्हणाली, 'करा बापा, पन वाचून मीच पाहीन.'

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय ताई सांगता येत नाही. माझं ग्रुपवर एक खोटं खातं होतं. नाव 'वऱ्हाडी वाघ', फोटो वाघाचा. पाल दिसली तर पाय बाजेवर घेणारा मी... पण तिथं माझ्या डरकाळ्या चालायच्या. वीस वर्षं दुकानात बसून मला वाटायचं, फवारणीतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही. अशात भातकुलीच्या याच रेखानं, तेव्हाच्या एका तरुण सुनेनं, वांग्यावरच्या अळीचा व्हिडिओ टाकला. हसून, छान साडी नेसून. औषधाचं माप तिनं चुकीचं सांगितलं होतं. मला ते माप साध्या शब्दांत दुरुस्त करता आलं असतं. पण तिला मिळालेली वाहवा मला टोचत होती. मी लिहिलं, 'हे बाई वांगे विकून राह्यली का सोताले?' खाली हसऱ्या चेहऱ्यांची झुंबड उडाली. मग ज्यांना वांगं कशाशी खातात ते माहीत नाही, तेही आले, आणि काय काय लिहून गेले. संध्याकाळपर्यंत रेखानं व्हिडिओ काढला आणि ग्रुप सोडला. मी त्या रात्री छान झोपलो, हे लिहायला आज लाज वाटते.

दोन दिवसांनी कामानिमित्त अमरावतीला गेलो आणि सवयीनं वलगावला जेवायला. दसरा तोंडावर होता, ओसरीभर झेंडू. ताईनं फोन घेतला, व्हिडिओ जाण्याआधी काढून ठेवलेला त्या लिहिण्याचा फोटो उघडला आणि बायांना म्हणाली, 'हे आईका, एका वाघानं काय लिहिलं.' वाचायला लागली आणि 'विकून राह्यली का' इथं थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. मग फोन माझ्यासमोर धरला. 'अरुन, तू वाच बरं पुढं. मायाच्यानं नाही होत.'

 मी म्हणालो, 'ताई, चष्मा नाही आनला.' हार ओवणारी एक बाई मान वर न करता म्हणाली, 'या वाघाच्या घरी पोरगी नसंन.' माझी मुलगी तेव्हा सातवीत होती.

ताई मला सोडायला स्टँडवर आली. बस दिसत नव्हती, आणि मला राहवेना. सगळं सांगितलं. ती जराही दचकली नाही. 'चष्मा तं तुया नाकावरच होता,' म्हणाली. मी माफी मागायला लागलो तर तिनं हात झटकला. 'मले सांगून काय फायदा? मी काय वांगे विकून राह्यली? चाल उद्या भातकुलीले.'

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. रेखाच्या सासूनं तिचा मोबाइल कपाटात ठेवून दिला होता, नवरा आमच्याकडे पाहत नव्हता. मी हात जोडले, जे सुचलं ते बोललो. रेखानं चहा दिला, पण नजर दिली नाही. म्हणाली, 'इथं घरात माफी मांगून काय होते? तिथं साऱ्यायनं वाचलं. तिथंच लिहा. अन् वाघाच्या नावानं नाही, सोताच्या.' येताना बसमध्ये ताई एवढंच म्हणाली, 'पोट्टी बराबर बोलली.'

मी लिहिलं. नाव, गाव, दुकान, सगळं लिहिलं. मग जे माझ्यावर तुटून पडले, त्यात परवा हसणारेच जास्त होते! आठवडाभर दुकानात फोन वाजला की मी आधी नंबर पाहायचो. ताई रोज दुपारी फोन करायची आणि मला दिलेल्या शिव्या मलाच वाचून दाखवायची. 'हे आईक, हे जमून आली आहे...' तिला हसू आवरायचं नाही, मग मलाही. एखादी वाचता वाचता तिची जीभ अडायची. ती शिवी संध्याकाळपर्यंत ग्रुपवरून काढून टाकलेली असायची.

महिनाभरानं ताईनं मला एक व्हिडिओ पाठवला, ग्रुपवर टाकण्याआधी. रेखाचा होता; मोबाइल तिला परत मिळाला होता. 'माप बराबर आहे का पाह्य, असं रेखा म्हणते.' बरोबर होतं. त्यानंतर तीन वर्षं तिचा प्रत्येक व्हिडिओ आधी माझ्याकडे यायचा आणि मी 'बरोबर' असं कळवायचो. दोनदा चूक निघाली, तीही कळवली. मला दुकानाचा, शेतीचा, कशाचा म्हणून इतका आनंद झाला नसेल. पण रेखानं मला माफ केलं का, हे मला कळायचं नाही. विचारायची छाती नव्हती. ताईला एकदा विचारलं तर म्हणाली, 'तुले माफी पाह्यजे का तिचं काम चालू पाह्यजे?'

ताईनं जाण्याआधीच ग्रुप रेखाच्या हाती दिला होता. गेल्या आठवड्यात ताईच्या फोटोखाली कुणीतरी खोट्या नावानं लिहिलं, 'बुढी गेली, ग्रुप मोकळा झाला.' माझं डोकं फिरलं. दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि मी त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या चार ओळी लिहून टाकल्या, या वेळी स्वतःच्या नावानं. पाचच मिनिटांत रेखाचा फोन.

'वाचून दाखवा.'

'काय?'

'आता लिहिलं ते.'

गिऱ्हाईक गेलं होतं, बायको डबा घेऊन आली होती, ती बाकावर बसून ऐकत होती. मी नाकावरचा चष्मा सारखा केला. पहिली ओळ झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि पुढं काही निघेना...  तिकडून रेखा म्हणाली, 'दोनी काढते. त्याचंबी अन् तुमचंबी. आता जेवून घ्या, भाऊ.'

तीन वर्षांत तिनं मला कुठल्याच नात्यानं हाक मारली नव्हती. मी 'हो' म्हणालो आणि फोन ठेवला.

'कोणाचा होता?' बायकोनं डबा उघडत विचारलं.

'बहिणीचा,' मी म्हणालो.