वर्णनवाल्या ताई

ताई कॉम्प्युटरच्या पडद्यावर सरळ तळहात ठेवायच्या. आम्ही लिहिलेल्या दोन ओळी तेवढ्या उघड्या राहायच्या, बाकी सगळं हाताखाली. मग विचारायच्या, "आता तुले एवढंच दिसून राह्यलं. जाशीन का आत?" त्यांच्या पडद्यावर कायम बोटांचे ठसे असायचे.

कारंज्यात एका मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस होतं. इंटरनेटवर काही शोधलं की पानाच्या नावाखाली बारीक अक्षरात दोन ओळी येतात, त्यांना मेटा डिस्क्रिप्शन म्हणतात. आम्ही नुसतं 'वर्णन' म्हणायचो आणि ते लिहिणाऱ्या ताई म्हणून वर्णनवाल्या ताई. त्या धनजच्या, मराठीत एम. ए. झालेल्या. मी कामरगावहून जीपनं यायचे. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

माझ्या पहिल्याच वर्णनात 'सर्वोत्तम' होतं. ताईंनी ते खोडलं. "हे तं सगळेच लिवतात. माणूस काय शोधून राह्यला ते पाह्य अगोदर." मोबाइलवर ओळ मध्येच तुटते, म्हणून कामाची गोष्ट सुरुवातीलाच यावी, असं त्या सांगायच्या. एका पानाचं वर्णन उचलून दुसऱ्याला चिकटवलेलं त्यांना खपत नसे. आणि पानावर नाही ते वर्णनात लिहायचं नाही, यावर त्या कोणाचंच ऐकत नसत, आमच्या ऑफिसच्या मालकांचंही नाही.

पोहरादेवीच्या एका लॉजचं वर्णन मी लिहिलं होतं: मंदिराजवळ खोल्या, गरम पाणी, गाडी ठेवायला जागा. यात्रेच्या आधी ताईंनी तिथे सहज फोन केला, तर गिझर बंद पडलेला. त्यांनी लगेच 'गरम पाणी' काढायला लावलं. लॉजवाला चिडला. ताई त्याला शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, कोनी बाई लहान लेकरू घेऊन येईन तुमच्या भरवशावर. तिले काय सांगसान?"

भाऊजींच्या, म्हणजे ताईंच्या यजमानांच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिसच्या दिवशी ताई उशिरा यायच्या, डबा न उघडता कामाला बसायच्या. एका रविवारी सकाळी भाऊजींना श्वास घेता येईना. नेहमीचं केंद्र रविवारी बंद असे. ताईंनी मोबाइलवर शोधलं. दूरच्या शहरातल्या एका दवाखान्याचं वर्णन आलं: 'आठवड्याचे सातही दिवस डायलिसिस सेवा.' फोन कोणी उचलला नाही. थांबायला वेळ नव्हता, त्यांनी गाडी केली.

दवाखान्याच्या फाटकावरच पहारेकऱ्यानं सांगितलं, "मॅडम, रविवारी डायलिसिस बंद राह्यते." तिथून दुसऱ्या दवाखान्याकडे जाताना, गाडीतच, ताईंच्या मांडीवर भाऊजी गेले.

काही दिवसांनी ताई ऑफिसात आल्या. त्यांनी त्या दवाखान्याचं पान उघडलं आणि अगदी खालपर्यंत नेलं. शेवटी वेळापत्रक होतं. डायलिसिस सोमवार ते शनिवार. म्हणजे पानावर खरं होतं, चूक फक्त वर्णनात होती.

"आत बरोबर लिवलं होतं," ताई म्हणाल्या. "पन अशा वक्ताले आत कोन जाते? म्या ओळ वाचली अन् गाडी सांगतली."

त्यांनी दवाखान्याला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "वेबसाइटवाल्यानं टाकलं असेल."

"त्याले कोनं सांगतलं होतं?"

पलीकडून फोन ठेवला. ताईंनी स्वतःच नवं वर्णन लिहिलं: 'डायलिसिस सोमवार ते शनिवार. रविवारी बंद. निघण्याआधी फोन करा.' ते दवाखान्याला पाठवलं. कोणी दखल घेतली नाही. त्यांनी पुन्हा पाठवलं, पुन्हा फोन केले. तिकडे त्यांचा आवाज ओळखून फोन ठेवू लागले. मालक मला म्हणाले, "समजाव त्यांना, माणूस तर परत येणार नाही." मला ते ताईंना सांगवलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं असं थोडंच होतं?

शेवटी कंटाळून म्हणा, कशानंही म्हणा, दवाखान्यानं ते वर्णन टाकलं. पण पानावर बदललं तरी शोधताना जुनीच ओळ दिसत राहते, ती बदलायला वेळ लागतो. ताई रोज आल्या आल्या शोधून पाहायच्या. सातही दिवस. पुन्हा सातही दिवस. त्या ओळीकडे त्या ज्या नजरेनं पाहायच्या, ती पाहवत नसे. मी मान खाली घालून काम करायचे.

एका दुपारी नवी ओळ आली. मीच आधी पाहिली आणि ताईंना हाक मारली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, एकदाच. मग कॉम्प्युटर बंद केला, पिशवी घेतली आणि जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही.

मी फोन केला. त्यांच्या मागे कोणाच्या तरी शेळ्या ओरडत होत्या. "ताई, कधी येता? तुमच्यासाठी काम ठेवलंय," मी म्हटलं.

"पोरी, आता मले काई लिवाचं नाई राह्यलं," त्या म्हणाल्या. मग मी जेवले का ते विचारलं आणि फोन ठेवला.