जावयाचे जास्तीचे फटके

माझ्या माहेरी, कुरुंद्याला, जावयाला कुठलीच गोष्ट मोजून द्यायची पद्धत नाही. पोळी नको म्हटलं की दोन येतात, पुरे म्हटलं की तुपाची धार लांबते. अशा घरात माझा नवरा यंदा हळद निघाल्यावर गोल्फच्या दोन काठ्या घेऊन उतरला. कंपनीच्या मैदानावर थोडेफार हातपाय मारून तो स्वतःला जाणकार समजायला लागला होता.

रिकाम्या वावरात त्याने पेला मावेल एवढे तीन खड्डे केले, शेवटचा थेट हळद वाळवायच्या खळ्यात. सारवलेल्या खळ्याला भोक पडलेलं आईला मुळीच आवडलं नाही, पण जावयाला बोलायचं कसं?

मग बाजेवर बसून साहेब शिकवू लागले. "प्रत्येक खड्ड्याला एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. चांगल्या खेळाडूने तेवढ्या फटक्यांत चेंडू आत घालायचा. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल. एक जास्त लागला तर बोगी. शेवटी ज्याचे फटके कमी, तो जिंकला."

"कमीवाला जिंकतो?" बाबांना पटेना. "मंग ज्यानं जास्त मेहनत केली त्याचं काय?"

"त्याची बोगी," मी म्हटलं.

बाबांचे गुडघे धरलेले आणि मला उन्हात फिरायची हौस नाही. नवऱ्यासमोर उभं राहायला कोणी मिळेना, तेव्हा आईने पदर खोचला. नवरा खूश झाला. "आई, चेंडूला लागला नाही तो फटका आपण धरायचा नाही. नवख्याला काही फटके माफ करायची रीतच आहे, हँडिकॅप म्हणतात."

झालं! लहानपणी विटीदांडूत माझ्या मामांनी आईला कायम लिंबूटिंबू ठेवलं होतं. खेळायचं, पण बाद नाही आणि गुणही नाहीत. हे ती अजून सांगते आणि सांगताना अजून चिडते.

"मला लिंबूटिंबू करू नका, जावईबापू," ती म्हणाली. "हुकला तरी धरा. बराबरीनं खेळायचंय मला."

मोजणीला बाबा बसले. फटक्याला एक हळकुंड, दोघांचे दोन ढीग. पहिल्या खड्ड्याचा पार चार. आईने दोनदा नुसती हवा कापली आणि सात फटके घेतले, नवऱ्याची पाचावर बोगी. दुसऱ्यालाही पार चारच. तिथे आईने पाचात उरकलं आणि नवरा बांधाच्या गवतात अडकून सहावर गेला.

"हिचे बारा, पाहुण्यायचे चौदा," बाबांनी जाहीर केलं.

आई पुढे! मी टाळ्या वाजवल्या. पण ती सरळ ढिगाशी येऊन बसली. "पाच अन् सहा अकरा व्हतेत. चौदा काहून?"

"वरून टाकले थोडे," बाबा म्हणाले. "जावयाला काय मोजून देऊ?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. आईने त्याच्या ढिगातली तीन हळकुंडं उचलून बाबांच्या हातात दिली आणि स्वतःच्या हाताने एका फटक्याने मागे पडली. "राहू द्यायचं होतंस, जिंकत होतीस," मी कानात म्हटलं. "फुकटचं न्हाई पाहिजे," ती म्हणाली. मोजताना बिब्बा घालणारे आमचे बाबा, आणि ही अशी.

शेवटच्या खड्ड्याचा पार तीन. नवऱ्याने चार घेतले; त्याचे एकूण पंधरा झाले. आईला तीन लागले तर बरोबरी, जिंकायचं तर दोनच. म्हणजे बर्डी. तिचा पहिला फटका चांगला बसला आणि चेंडू खळ्याच्या कडेला जाऊन थांबला. मग तिने चपट्या तोंडाची काठी घेतली. ते खळं तीच सारवते, पाणी कुठून कुठे वळतं तिला ठाऊक आहे. तिने चेंडू भोकाच्या बराच डावीकडे ढकलला. नवरा हसला. चेंडू उतारावरून वळला, रेंगाळला आणि आत पडला.

बाबांच्या एका हातात दोन हळकुंडं होती, दुसऱ्यात एक. आपल्या दारात जावई हरला, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. "एक जास्तीचं टाकू का हिच्या ढिगात?" त्यांनी हळूच विचारलं. "बराबरी व्हईल."

"नाही बाबा," नवरा म्हणाला. "बर्डी आहे ती." त्या क्षणी मला तो फार आवडला, अर्थात त्याला मी तसं सांगितलेलं नाही.

बाबांनी दोनच हळकुंडं ठेवली आणि दोन्ही ढिगांकडे बघत राहिले. मग शेजारच्या वावरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या घरचीनं जावयाला हरवलं."

आई चेंडू काढायला भोकाशी वाकली होती, ती उठेचना. मी जवळ गेले तर ती रडत होती. "धरला न माझा एक एक फटका?" तिने विचारलं. मी तिच्याशेजारी खाली बसले. "एक एक धरला," मी म्हटलं.