ताडपत्रीखालचं वजन

काठीचं टोक माझ्या बरगडीत घुसलं आणि मग ताडपत्री उचलली गेली.

ट्रकच्या फळ्यांवर आम्ही सहा बाया आडव्या पडलो होतो. एकमेकींना चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन. नाकातोंडात धानाचा कोंडा. खोकला आला तरी गिळायचा, असा सेठचा हुकूम होता. डोळे किलकिले करून पाहिलं तर वर खाकी कपड्यातला साहेब. गाड्या तपासणारा. त्याच्या शेजारी आमचा सेठ.

"या बायका इथं कशाला?" साहेबानं विचारलं.

"बाया कुठी आहेत साहेब? वजन आहे ते."

साहेब हसला. "रिकाम्या गाडीच्या वजनात माणूस धरत नाहीत, सेठ. ड्रायव्हरसुद्धा नाही. रिकामी गाडी म्हणजे नुसती गाडी. कायद्यात लिहिलंय."

"मालूम आहे ना साहेब. चला, चहा घेऊ."

दोघं चहाला गेले. ताडपत्री पुन्हा अंगावर पडली. आम्हाला उठा म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

ब्रह्मपुरीच्या धरमकाट्यावरची ही गोष्ट, ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. धरमकाटा म्हणजे अख्खी गाडी तोलणारा काटा. आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली. भरलेल्यातून रिकामी वजा केली की राहिलं ते धान. सेठ गावोगावचं धान घ्यायचा आणि आम्ही त्याच्याकडे पोती चढवायला, उतरवायला जायचो. रिकामी गाडी काट्यापाशी आली की तो म्हणायचा, "आडव्या व्हा वं. मालाच्या गाडीत मानसं बसवाची मनाई हाये. पोलिस पकडन. तुमच्यासाठीच लपवून राह्यलो." आम्हाला ते खरं वाटायचं. आमच्यासाठी हा माणूस जोखीम घेतो, असं वाटायचं.

वाटणारच. जयंतीला तो आमच्या विहारात यायचा. हार घालायचा. मोठ्यानं जय भीम म्हणायचा. आमच्या घरचा चहा पिणारा तो पहिला व्यापारी. कप खाली ठेवताना म्हणायचा, "बाई, चहा तुझ्याच हातचा." गावातल्या बाकीच्या व्यापाऱ्यांना आमच्या अंगणात उभं राहायचंही जिवावर यायचं. एका कप चहावर आम्ही भाळलो. घरी मीच सांगितलं होतं, धान यालाच द्या, हा आपला माणूस आहे.

त्या दिवशी गाडी आमच्याच गावाला निघाली होती. वस्तीनं सगळ्यांचं धान एकत्र केलं होतं. माझ्या बाबांनी प्रत्येक घरचं धान पायलीनं मोजून पोत्यात भरून घेतलं होतं. मी माझ्याच लोकांची पोती पाठीवर घेऊन गाडीत चढवली. बाबा ड्रायव्हरशेजारी बसले, नवं धोतर नेसून. आम्ही बाया पोत्यांवर. शहराच्या अलीकडे फाट्यावर सेठनं गाडी थांबवली. "उतरा. पुढं पोलिस हायेत. पायी या." हेही नेहमीचंच.

चालता चालता साहेबाचं बोलणं डोक्यात फिरायला लागलं. पोलिसांची भीती होती तर सकाळी रिकाम्या गाडीतून का नाही उतरवलं? तेव्हा लपवलं. आता उतरवलं. मी सारजाला विचारलं. सारजा आमच्यात सर्वांत मोठी. ती म्हणाली, "चाल वं. सेठचं डोकं सेठले."

रोज आम्ही पोचेपर्यंत तोल उरकलेला असायचा. त्या दिवशी काट्यावर गाड्यांची रांग होती. आम्ही पोचलो तेव्हा आमची गाडी काट्यावरच होती, धान पायलीच्या हिशेबापेक्षा कमी भरलं होतं आणि बाबा हात जोडून उभे होते.

"पायलीनं मोजून आनलं म्हनते!" सेठ चारचौघांत ओरडत होता. "पायली बी फुटकी अन् मानूस बी फुटका. तुम्ही लोकं सुधारनार नाई. पोत्यात भुसा भरता अन् वरून भाव मांगता."

बाबा म्हणाले, "चुकलं असन मालक."

चुकलं असन! ज्या माणसानं जन्मभर कुणाची मूठ कमी मोजली नाही, तो म्हणाला चुकलं असन. चोर तो चोर आणि वर शिरजोर, आणि माझा बाप त्याच्यापुढे वाकलेला. तेव्हा मला लख्ख समजलं. धान कमी नव्हतंच. सकाळी आम्हा सहाजणींना त्यानं गाडी म्हणून तोललं होतं. आता तेवढं वजन वस्तीच्या धानातून कापलं होतं. माझ्या बापाच्या धानातून मी कापली गेले होते. माझ्या अंगाची मला त्या क्षणी किळस आली. मग त्याची आली.

मी टायरवर पाय देऊन पोत्यांवर चढले.

"रिकामी तोलली तवा आमी सहाजनी आत होतो," मी ओरडले. "आता बी आमी बसतो. आता तोला!"

काटेवाला म्हणाला, "मालाच्या गाडीवर मानसं बसले त तोलता येत नाई. कायदा हाये."

सकाळी हा कायदा कुठे चहा पीत होता?

मी बायांकडे पाहिलं. सारजानं टायरवर पाय ठेवला. सेठनं तिच्याकडे नुसतं बघितलं. तिनं पाय काढून घेतला. बाकीच्या जमिनीकडे पाहत राहिल्या. सकाळी माझ्या कुशीला कुशी लावून पडलेल्या बाया.

आणि बाबा. ते गाडीजवळ आले. मला वाटलं, चढतील. ते हळूच म्हणाले, "उतर वं माय. उद्या आपलं धान कोन नेईन?"

सेठच्या शिवीनं जे झालं नाही, ते या वाक्यानं झालं. मी रडले. पण उतरले नाही.

गाडी तशीच सुटली. मी पोत्यांवर बसूनच गोदामात गेले. पोती उतरल्यावर म्हटलं, आता रिकामी गाडी तोला, चारचौघांसमोर. सेठनं मला बाहेर काढून फाटक लावून घेतलं. धान त्याच्याच वजनानं गेलं. माझं काम गेलं. बाबांनी एवढंच विचारलं, "तुले काय भेटलं?"

रिकामी गाडी म्हणजे नुसती गाडी. हे मला मास्तरानं शिकवलं नाही, वकिलानं सांगितलं नाही. मला पायाखाली घालून दोघंजण आपसात हसत बोलले आणि मी ते खालून ऐकलं. तेवढं भेटलं. ते मी मरेपर्यंत सोडणार नाही.

आमच्या वस्तीचं धान कुणाच्याही गाडीत जाऊ दे. हार घालणारा असो, जय भीम म्हणणारा असो, आमचाच असो. गाडी रिकामी तोलताना मी काट्यावर उभी असते. बोलावलेलं नसतं तरी असते. ताडपत्री मी माझ्या हातानं उचलते. खाली कुणी बाई पडलेली असली तर सांगते, "ऊठ वं माय. तू काई गाडी नोहे."

ती नाही उठली, तर मी चाकापुढे बसते.