बाबांच्या ताटातलं मीठ

आधीच सांगून टाकतो, मला या असल्या गोष्टींची चीड आहे. ऑफिसमध्ये कोणी "अरे आमच्या गावी एकदा..." असं सुरू केलं की मी चहा घेऊन उठतो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मला आहे. पण हा प्रकार भर दुपारी, उजेडात, आम्हा चार जणांसमोर झालाय. चारपैकी तिघांनी स्वतःच्या जिभेने तपासलाय.

आधी थोडं मागचं, नाहीतर काही कळायचं नाही.

आम्ही मूळचे कुडाळकडचे, राहायला बोरिवली पूर्वेला. बाबा मालाडला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते, तिथूनच रिटायर झाले. एका रविवारी सकाळी पिशवी घेऊन मासे आणायला म्हणून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. याला आता नऊ वर्षं होतील. पोलीस, हॉस्पिटलं, शवागारं... सगळं झालं. मी स्वतः किती वेळा ती चादर बाजूला करून बघितली असेल! दर वेळी दुसराच कोणीतरी. वर्षभर आम्ही पोस्टर लावली. मग हळूहळू तेही थांबलं.

थांबली नाही ती आई. घरी मासे केले की आई बाबांचं ताट वाढायची. आमच्याकडे गेलेल्या माणसाला जेवणाची वाडी, म्हणजे नैवेद्याचं पान, दाखवतात, तसं नव्हे हं. हे उलटं होतं. आईच्या माहेरी म्हणतात की मेलेला माणूस जेवून गेला की पानातलं मीठ घेऊन जातो, मागे उरतं ते अळणी. म्हणून आई ताट वाढून ठेवायची आणि सगळ्यांचं आटोपलं की त्यातलं स्वतः जेवायची. पहिला घास घेतला की म्हणायची, "मीठ आसा. म्हंजे ते आसत खयतरी."

नऊ वर्षं हे असंच. हॉटेलात गेलो तरी एक रिकामी प्लेट मागायची. वेटर बघत राहायचे, आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी चिडायचो, माझा भाऊ नितीन चेष्टा करायचा, "बाबा, आज बिल तुम्ही भरा." माझी बायको स्मिता मात्र गप्प बसून आईला प्लेट पुढे करायची.

आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. घर बाबांच्या नावावर. वकीलबाई म्हणाल्या, सात वर्षांच्या वर झाली आहेत, कोर्टातून मृत घोषित करून घ्या, मग पुढचं सगळं होईल. त्यासाठी आईची सही पाहिजे. आणि आई? "जित्या माणसाक कोर्टात नेऊन मारूक सांगतस?" विषय बंद. इकडे सोसायटीवाले रोज बेल वाजवतायत. आमच्यामुळे सगळी बिल्डिंग अडकून पडलेली. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

तेवढ्यात नितीनने नवी गाडी घेतली. म्हणाला रविवारी सगळे जाऊ, बॉर्डरच्या पलीकडे, नारगोळचा समुद्र बघू, मासे खाऊ, संध्याकाळी घरी. मी म्हटलं, "गुजरातमध्ये मासे खायला जाणारी आपलीच पहिली फॅमिली असणार!" खरं तर त्याचा डोळा दमणवर, तिथल्या स्वस्त दारूवर होता, पण आई बरोबर म्हटल्यावर गपचूप बसला. माझा हिशोब वेगळा होता. आई घराबाहेर जरा खुशीत असते. जेवता जेवता सहीचं गळी उतरवायचं.

वर्सोव्याच्या पुलावर नेहमीप्रमाणे अडकलो, मग मनोर, चारोटी, तलासरी करत अच्छाडचा नाका ओलांडला. पाट्या गुजरातीत सुरू झाल्या. भिलाडला डावीकडे वळून उमरगावच्या रस्त्याला लागलो आणि तिथे एक साधंसं मच्छीचं हॉटेल दिसलं. नाव मुद्दाम देत नाही, त्या माणसाची काही चूक नाही. पत्र्याची शेड, बाहेर बदामाचं झाड, आत गर्दी. आई म्हणाली, "वास बरो येता. थांबया हयच."

सुरमईचं कालवण, तळलेले बोंबील, भात. कालवण एका मोठ्या भांड्यात आलं. हे नीट लक्षात घ्या, कारण मी नंतर यावर खूप डोकं खाजवलंय... भांडं एकच होतं. त्यातूनच आम्ही सगळ्यांनी वाढून घेतलं आणि त्यातूनच आईने बाबांची प्लेट वाढली. भात, कालवण, दोन बोंबील, लिंबाची फोड, कडेला चिमूटभर मीठ. ती प्लेट तिने आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली.

"थोडं खारटच झालंय रे," नितीन पहिल्या घासालाच म्हणाला.

"भातावर घे, लागत नाही," स्मिता म्हणाली.

मी विषय काढला. आई ऐकूनच घेईना. मग माझा आवाज चढला. "आई, किती वर्षं अजून? ते गेले ना आता. तुलाही माहितीय. तू सोडून सगळ्या जगाला माहितीय!" आजूबाजूचे वळून बघायला लागले. स्मिताने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. आई शांतपणे म्हणाली, "तुझा झाला बोलून? माका जेवू दे." आणि तिने बाबांची प्लेट पुढे ओढली.

पहिला घास तोंडात घातला आणि तिची हनुवटी हलायची थांबली.

मला वाटलं काटा अडकला. "आई, पाणी पी." तिने मान हलवली. दुसरा घास घेतला. मग टेबलावरची मिठाची डबी उचलून भातावर चांगलं भुरभुरवलं, कालवलं, परत खाल्लं. आणि प्लेट माझ्याकडे सरकवली.

"तू चाख."

चाखलं. शपथेवर सांगतो, तोंडात ओला कापूस घातल्यासारखं वाटलं. मीठ नाही, तिखट नाही, माशाचा वासही नाही. मला पहिला विचार आला तो कोविडचा. स्मिताची तेव्हा महिनाभर चव गेली होती, ती असंच सांगायची. मी लगेच माझ्या प्लेटमधलं खाल्लं. झणझणीत! परत बाबांच्या प्लेटमधलं. काही नाही. त्या प्लेटच्या कडेचं नुसतं मीठ बोटाने उचलून जिभेवर ठेवलं... वाळू. डबीतलं मीठ तळहातावर घेऊन चाटलं तर खारट.

"नितीन, बघ रे हे."

नितीनने हसत हसत घास घेतला आणि त्याचं हसू तिथेच गेलं. लिंबाची फोड चोखून बघितली, मग ती हातात धरून नुसता बसला. "आंबट नाहीये," एवढंच म्हणाला. स्मिताने चाखायला साफ नकार दिला. तिने नंतर गाडीत सांगितलं की आमच्या सगळ्यांच्या ताटांवर माश्या घोंघावत होत्या, फक्त त्या एका प्लेटवर एकही बसत नव्हती.

मी वेटरला बोलावलं, मालक आला. बिचाऱ्याने भांड्यातलं कालवण चमच्याने चाखलं. "नमक तो बराबर है, साहब. थोडा जादाच है." मी त्याला त्या प्लेटमधलं चाखायला सांगितलं. त्याने खुर्चीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि हात जोडले. "वो रहने दो," म्हणाला. त्याला काय समजलं देव जाणे, पण बोंबलाचे पैसे त्याने लावले नाहीत.

आई रडली नाही. उठून बेसिनपाशी गेली, हात धुतले, चूळ भरली. स्मिता तिच्या मागे गेली होती, तिने बघितलं. आईने कपाळावरची टिकली काढली आणि आरशाला लावली, आंघोळीच्या वेळी बायका लावतात तशी. मग ती तिथेच ठेवून मोकळ्या कपाळाने टेबलाशी आली.

"गेले रे ते," म्हणाली. "आत्ताच गेले. घराक चला."

नारगोळ राहिलं. परतीला निघालो. तलासरीच्या आसपास नितीनने गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. आईच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

पुढचे काही आठवडे मी वेड्यासारखे फोन केले. वापी, वलसाड, पालघर, आमचं बोरिवलीचं पोलीस स्टेशन. त्या रविवारी कोणी अनोळखी म्हातारा माणूस सापडला का? दोन-तीन ठिकाणी जाऊनही आलो. बाबा नव्हते. त्या तारखेशी जुळणारं काही, आजपर्यंत, कुठेही मिळालेलं नाही. एका ओळखीच्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला टेन्शनमध्ये चव जाते. मान्य. तिघांची एकदम? आणि एकाच प्लेटपुरती?

सही झाली. मागच्या महिन्यात आई स्वतःहून म्हणाली, "खय सही करूची ता दाखव." मी ज्यासाठी इतकं भांडलो ते मिळालं आणि पेन मीच तिच्या हातात दिलं. वकीलबाई म्हणाल्या, "काकी, ज्या दिवशी ते बेपत्ता झाले ती तारीख लिहू आपण."

"ती नको," आई म्हणाली. "त्या दिवशी ते जित्ते होते. मी जेवलंय त्यांच्या ताटातला, नऊ वर्षां."

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. 

लोक विचारतात, तुला भीती वाटते का? भुताबितांची नाही वाटत. पण ते ताट खरं मानलं तर मग हॉटेलातल्या त्या रविवारपर्यंत बाबा होते. त्याच्या आदल्या रविवारी होते, गेल्या दिवाळीला होते, आम्ही पोस्टर लावणं थांबवलं तेव्हाही होते. कुठे होते? कोण त्यांना वाढत होतं? घर आठवत होतं का त्यांना? आणि मी रोज घरात ओरडत होतो की ते गेले.

म्हणून हे इथे लिहिलं. कोणाकडे याचं साधं, कंटाळवाणं उत्तर असेल तर सांगा. प्लेटला साबण राहिला असेल, मिठात भेसळ असेल, आमचीच डोकी फिरली असतील, काहीही चालेल. मला अजून एकही पटलेलं नाही. पण मला ते हवंय, कारण मला माझे बाबा नऊ वर्षांपूर्वी, त्या पहिल्याच सकाळी, पटकन मेलेले हवे आहेत.