डॅनिश सिल्क

किस्से म्हणजे स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक खण आवरायला घ्या, कुठून कुठून बाहेर येतात! आमच्या नेदरलँड्समधल्या बुइटनव्हेल्डर्टच्या कंपूकडे तर कोरोनाच्या दोन वर्षांतलेच इतके साठलेत की घरी कोणी नवीन आलं की माझा नवरा प्रमोद दारातच बजावतो, "हिच्यासमोर कोपनहेगनचं नाव काढू नका हं, नाहीतर जेवूनच जावं लागेल."

तुम्ही काढलंत. आता बसा. कुकर लावलाय मी!

* * *

तर आधी अमोल आणि केतकी. दोघंही आमच्या नागपूरची. अमोल आयटीत, राहायला झुइडओस्टला. केतकीने मास्ट्रिख्टला मास्टर्स केलं. लग्न ठरलेलं, आणि नागपूरचा हॉल लॉकडाऊनमुळे दोनदा कॅन्सल झालेला. त्यात केतकीचं परमिट संपत आलं. लग्न झालं तर नवऱ्याच्या परमिटवर इथे राहील, नाही झालं तर भारतात परत. आणि त्या दिवसांत गेलेला माणूस परत कधी येईल, हे भल्याभल्यांना सांगता येत नव्हतं.

इथे लग्न लावायचं, तर खमेन्तेला, म्हणजे आपल्या नगरपालिकेला, जन्माचा दाखला हवा, तोही भारतातून शिक्का मारून. आणि शिक्का मारणारं ऑफिसच बंद! पोरीने रडून रडून डोळे सुजवले. मलाही बघवेना.

तेवढ्यात आमचे मिलिंददा म्हणाले, "डेन्मार्कला जा की! तिथे परदेशी जोडप्यांची लग्नं पटापट लावतात. कागद कमी, कटकट नाही."

मिलिंददा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पक्के पुणेकर. त्यांना माहीत नाही अशी गोष्ट जगात नाही, आणि असली तर ती माहीत करून घेण्याच्या लायकीची नाही. पण या वेळी गडी बरोबर होता! कागद ऑनलाइन मंजूर झाले, कोपनहेगनच्या टाउन हॉलची तारीख मिळाली. मी आनंदाने शिरा केला.

शिरा खाता खाता मिलिंददा म्हणाले, "राहायचं कुठे, खायचं काय, प्यायचं काय, खरेदी कुठे, सगळं माझ्यावर सोडा. कोपनहेगनचं मला सांगू नका."

आम्ही कशाला सांगतोय? आम्ही पाचही जण त्यांच्या भरवशावर गाडीत बसलो.

* * *

जर्मनी ओलांडली, फेरीबोटीत गाडी चढवली, आणि अमोल शिंकायला लागला.

अहो, साधं नाही! एकापाठोपाठ एक. त्याला उन्हाळ्यात गवताच्या परागांचा त्रास होतो, हे आम्हाला माहीत. पण डेन्मार्कच्या पोलिसाला कुठे माहीत? बॉर्डरवर गाडी उभी, पोलिस आमचे टेस्टचे कागद वाचतोय, आणि मागे अमोल नाक दाबून लालबुंद झालेला. केतकी त्याचा हात धरून पुटपुटत होती, "शिंकू नको, प्लीज शिंकू नको, लग्नानंतर आयुष्यभर शिंक!"

पोलिसाने कागद परत दिले. काच वर गेली, आणि अमोलने अशी शिंक दिली की पुढच्या सीटवर प्रमोदच्या डोक्यावरची टोपी हलली.

* * *

मिलिंददांनी सांगितलेलं हॉटेल एअरपोर्टला लागूनच होतं. दारात ही रांग! "बघा, चांगल्या हॉटेलला गर्दी असतेच," मिलिंददा म्हणाले. आम्ही बॅगा ओढत रांगेत लागलो.

काउंटरवर पासपोर्ट घेतले, फोन नंबर घेतला. चेक-इनच वाटणार ना! मग पडद्यामागे बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि काही कळायच्या आत नाकात काडी! पाचही जणांच्या!

डोळे पुसत प्रमोदने विचारलं, "आणि रूमची किल्ली?"

हॉटेल केव्हाच बंद झालं होतं. आता तिथे टेस्ट सेंटर होतं.

आम्ही हसलो असतो हो, पण केतकीचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या शिंकांनंतर अमोलचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर लग्नही गेलं आणि परमिटही. कालच्या टेस्टचा कागद खिशात होता, पण धीर कशाने यायला? रिपोर्ट फोनवर येणार होता. तोवर कोणाच्या घशाखाली घास उतरेना.

* * *

तरी खायला हवंच. प्रमोदने फोनवर एक फ्लॅट शोधला, आणि त्याची किल्ली द्यायला आलेल्या बाईला मिलिंददांनी सांगितलेली सगळी नावं वाचून दाखवली. उघड्या सँडविचचं हॉटेल, ज्यूसचं दुकान, आणि मुख्य म्हणजे ते रेशमी कापडाचं दुकान. कारण केतकीची पांढरी साडी अजून यायचीच होती. आमच्यात लग्नाला नवरी पांढरी साडी नेसते. तिच्या आईने ती नागपूरहून कुरिअर केली होती आणि पार्सल वाटेत कुठेतरी अडकून पडलं होतं. माझ्या साड्या सगळ्या लाल नाहीतर हिरव्या. मिलिंददा म्हणाले होते, "कशाला घाबरता? कोपनहेगनला एक नंबर सिल्क मिळतं."

बाईने नावं ऐकली. मग आम्हा पाच जणांकडे आळीपाळीने पाहिलं. "ही सगळी एअरपोर्टच्या आत आहेत," ती म्हणाली. "सिक्युरिटीच्या पलीकडे. बोर्डिंग पास लागेल."

आम्ही चौघं मिलिंददांकडे वळलो. तेव्हा कुठे कळलं की साहेब कोपनहेगनला एकदाच आले होते, विमान बदलायला! ते चुकलं म्हणून एक रात्र त्या हॉटेलात काढली होती, एवढीच काय ती कोपनहेगनची ओळख!

"मिलिंददा!" मी ओरडले.

"मग?" ते शांतपणे म्हणाले, "एअरपोर्ट काय कोपनहेगनच्या बाहेर असतो?"

* * *

प्रमोदला ताक लागतं. जग बुडो, ताक पाहिजे. नेदरलँड्समध्ये सुपरमार्केटात मस्त ताक मिळतं, म्हणून गडी इथे टिकलाय. कोपनहेगनच्या दुकानातून त्याने गायीचं चित्र असलेला मोठा कार्टन आणला आणि लागलीच मीठ, जिरं, आलं, मिरची घालून मठ्ठा केला. "लग्नघर आहे," म्हणाला, "मठ्ठ्याशिवाय कसलं लग्न?"

एक घोट घेतला, आणि मला वाटलं आपलीच चव गेली. कोरोनाच! मठ्ठा चक्क गोड होता. व्हॅनिलाचा वास, लिंबाची चव, वर मिरचीचा ठसका. मग कार्टन नीट वाचला, तेव्हा समजलं की डॅनिश लोक उन्हाळ्यात ताकाचं एक गोड पक्वान्न खातात, ते हे.

आम्ही ग्लास खाली ठेवले. मिलिंददांनी तीन प्यायले. मिशा पुसून म्हणाले, "हाच तो! कोपनहेगनचा फेमस मठ्ठा. मी सांगणारच होतो."

आणि तेवढ्यात अमोलचा फोन वाजला. निगेटिव्ह! मग आमचेही निगेटिव्ह! केतकी मटकन खाली बसली आणि रडायला लागली, मीही रडले, प्रमोदने हर्षभराने तो मठ्ठा पुन्हा सगळ्यांच्या ग्लासात ओतला, आणि काय सांगू, या वेळी आम्ही तो प्यायलो!

* * *

साडीचा प्रश्न उरलाच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आणि केतकी वणवण फिरलो. असा देश मी पहिल्यांदा बघितला. भिंती पांढऱ्या, कपाटं पांढरी, बश्या पांढऱ्या. साडी सोडून सगळं पांढरं!

शेवटी एका घरसामानाच्या दुकानात मी थबकले. पडद्याच्या कापडाचे तागे होते. त्यात एक पांढरं, मऊ, अंगासरसं पडणारं. मी केतकीकडे पाहिलं. केतकीने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, नाही हं."

"हात लावून तर बघ!"

विकणाऱ्या मुलीने कात्री उचलली आणि विचारलं, "खिडकी केवढी आहे?"

मी केतकीला पुढे ढकललं. "एवढी!"

* * *

लग्न लागलं हो! टाउन हॉलमध्ये सगळे मास्क लावून. काळा झगा घातलेल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, केतकीने मराठीत "हो" म्हटलं, आणि बाईंना ते बरोबर समजलं. बाहेर आल्यावर कट्ट्यावर उभं राहून आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं, हार घातले, फुलं उधळली. एक हॉल, दोन तारखा, एक परमिट, आणि इतक्या शिंका! सुटलो एकदाचे, असं वाटलं.

नागपूरहून केतकीची आई व्हिडिओवर होती. लेकीचं लग्न फोनवर बघणारी ती माऊली एकदाही रडली नाही. म्हणाली, "जरा मागे हो ना बेटा. पूर्ण दिसू दे."

केतकी मागे झाली.

"साडी छान आहे. कुठली?"

केतकी पदर सावरायला लागली. मिलिंददा पुढे सरसावले, "डॅनिश सिल्क, काकू! इथली स्पेशालिटी!"

"हो का," काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पदराचे दोरे सुटलेत गं. आत दुमडून घे. फोटोत दिसतात."

* * *

केतकीला परमिट मिळालं. डॅनिश सिल्क झुइडओस्टच्या फ्लॅटमध्ये मोठ्या खिडकीला लागलं, न कापता, चुण्या घालून. आईला सांगायचं नाही, असं आमचं सगळ्यांचं ठरलं होतं. अडकलेलं पार्सल फिरून फिरून नागपूरला परत गेलं होतं.

पुढच्या वर्षी विमानं सुरळीत झाली आणि काकू आल्या. पहिल्याच संध्याकाळी आम्ही सगळे भेटायला गेलो. केतकी पडदा काढायला विसरली होती. मी मुद्दाम खिडकीकडे पाठ करून, हातपाय पसरून बसले.

काकूंनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "सरक ना गं जरा," मला म्हणाल्या.

मी सरकले.

काकू उठल्या, पडद्याजवळ गेल्या, त्याच्यावरून हळूच हात फिरवला. मिलिंददांनी घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावला.

मग त्यांनी आपली पर्स उघडली. आतून कागदात नीट गुंडाळलेला पांढरा फॉल काढला. नागपूरहून आणलेला, धुऊन, इस्त्री करून. सोबत पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि सुई.

"अमोलराव," चष्मा लावत काकू म्हणाल्या, "ती खाली काढून द्या बरं. लग्नाची साडी कोणी अशी बिनफॉलची ठेवतं का?"