उतारावर पेट्रोल वाचवणारी माणसं

मानवजात कुठवर घसरली आहे हे पाहायचं असेल, तर हसनाबादजवळच्या त्या डोंगरावर भाड्यानं मिळणारं हेल्मेट डोक्यात घाला. आतून गावभराच्या डोक्यांचं तेल! मी ही राष्ट्रीय आपत्ती गाड्या भाड्यानं देणाऱ्या मालकाच्या कानावर घातली.

"तेलानं डोकं थंड राह्यतं, साहेब."

मागे रांगेत उभ्या असलेल्या तीर्थपुरीच्या शिक्षकांनी, गायकवाड सरांनी, खिशातून मोठा पांढरा रुमाल काढून दिला. "आतून बांधा. वापस द्यायची जल्दी न्हाई."

डोंगरात चालणारी ती चारचाकी, एटीव्ही, चालवायचा हट्ट बायकोचा, सुनंदाचा. जालन्याहून सकाळी निघालो. केदारखेड्याला तिच्या माहेरी पिठलं-भाकरी हाणली. पुढचा रस्ता असा, की पिठलं पुन्हा भेटायला आलं. फेरीचे माणशी पाचशे.

चढ झकास झाला. माथ्यावर मालकानं ज्ञान पाजळलं, "उतरताना न्यूट्रल टाका. गाडी आपोआप खाली येती, पेट्रोल वाचतं."

हा आमच्याकडचा धर्मच. उतार दिसला की हात न्यूट्रलकडे जातो, मग मोटारसायकल असो की जीप. पण इथं पेट्रोल त्याचं आणि मान आमची!

"काहीतरीच काय!" सुनंदा भडकली. ती माहेरी ट्रॅक्टर चालवून मोठी झालेली. "भरली ट्रॉली न्यूट्रलमधी उतरवली असती तर बापानं घरात घेतलं नसतं मला. अहो, गेअर 'लो'मधीच ठिवा अन् ॲक्सिलरेटर सोडून द्या. इंजनच चाकं धरून ठिवतं. ब्रेक मधून मधून, हळूच."

"ताई, मी रोज उतरून राह्यलो इथून."

सर मात्र मालकाचं ऐकून निघालेसुद्धा होते. पुढं वळण, वळणापलीकडं खोल दरी. गाडी सुसाट सुटली. ब्रेक जळाल्याचा वास आमच्यापर्यंत आला. पायथ्याशी थांबलेल्या त्यांच्या मिसेस किंचाळल्या. सरांनी गाडी डोंगराकडच्या बांधावर घातली, ती उलटली आणि ते बाजूला फेकले गेले.

आम्ही 'लो'मध्ये उतरलो. इंजिन सगळ्या उतारभर कुरकुरलं, पण चाकं काही सोडली नाहीत. सर जिवंत होते. उजवं मनगट टम्म सुजलं होतं. सुनंदानं ओढणीची झोळी करून त्यांचा हात बांधला. मागून मालक आला. आधी त्यानं गाडीचं मडगार्ड पाहिलं, मग सरांना म्हणाला, "ब्रेक जरा आधी दाबायचा ना, सर."

त्यानंतर मी जे बोललो ते इथं छापता येत नाही. सुनंदानंही मला अडवलं नाही. सरांना आमच्याच कारनं भोकरदनला दवाखान्यात नेलं.

तुम्हाला जायचं तर जरूर जा, माथ्यावरून मुलूख फार देखणा दिसतो. पण कुणी उतारावर न्यूट्रल म्हणालं, तर गाडीवरून उतरा आणि पायी या. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी इच्छाही नाही.

घरी हेल्मेटच्या वासाचा रुमाल माझ्याच खिशात निघाला. तेलाचा डाग दोन धुण्यांतही गेला नाही. रविवारी इस्त्री करून तीर्थपुरीला गेलो. सरांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. मी रुमाल पुढे केला. त्यांनी तो डाव्या हातानं घेतला आणि खिशात ठेवला.

"बसा," ते म्हणाले. मी बसलो.