पहारेकरणीचा डाव

रविवारी दुपारी आम्ही चौघं लातूरच्या एका पेंडीच्या दुकानावरच्या माळ्यावर खेळायला जमतो. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला दुकानदार गोष्ट रचत जातो. बाकी तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, ते काय करतं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांवर सोडायचं. मी वैद्य, शेजारचा औषधवाला चोर, आणि कंधारहून एसटीनं येणाऱ्या ग्रंथपाल बाई गावाच्या वेशीवरची पहारेकरीण.

मी शिकवणीत फिजिक्स शिकवतो. प्रश्नावर रेंगाळू नका, तीन पर्याय खोडा, चौथ्यावर खूण करा, पुढं चला, हे पोरांना सांगून सांगून माझंच डोकं तसं झालंय. बायको "आज भाजीला" म्हणते तोवर मी "वांगी" म्हणून मोकळा. खेळात दुकानदार विचारायचा, "म्याडम, काय करायलाव तुम्ही?" आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत मी सांगायचो, पहारेकरणीनं मशाल विझवावी, मागच्या वाटेनं यावं. उत्तर बहुतेक बरोबर निघायचं. मी स्वतःला पट्टीचा खेळाडू समजायचो. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

एका रविवारी जिना उतरताना बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, जाऊन-येऊन पाच तास गाडीत बसते मी. इथंबी तुमचंच ऐकायचं असंल तर पुढच्या रविवारी शेवटचं येईन."

आधी राग आला, मग लाज वाटली. बाई गेल्या तर खेळ मोडणार होता. पण आठवडाभर मला टोचत राहिलं ते वेगळंच. वर्षभर खेळून पहारेकरणीचं एक वाक्य मला आठवेना. जी आठवली ती सगळी माझी होती.

पुढच्या रविवारी ठरवूनच गेलो, की बाईंच्या डावात तोंड उघडायचं नाही. नेमका डावही असा आला, की माझा वैद्य वेशीबाहेर आणि त्याच्या पाठीशी दरोडेखोर. वेस उघडली तर गाव जाणार, न उघडली तर वैद्य.

"बोला म्याडम," दुकानदार म्हणाला.

मला तर कधीच सुचलं होतं. वेस बंदच ठेवायची आणि बुरुजावरून दोरी सोडायची. एवढं सोपं. माझा पाय असा हलत होता, की चौरंगावरचे फासे थरथरायला लागले. औषधवाल्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढ्या वेळात पोरांनी तीन प्रश्न सोडवले असते. मी ओठ दाबून बसलो.

"वेस उघडत न्हाई," शेवटी बाई म्हणाल्या. "वैद्य भायेरच ऱ्हातील."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. "सर?"

"त्यांचा डाव हाय," मी म्हणालो.

वैद्य मेला. मला करायला काही उरलं नाही आणि बाई सुसाट सुटल्या. पहारेकरीण घरोघर गेली, माणसं गोळा केली, चोरालासुद्धा कामाला लावलं. बाईंचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं नाही. माझ्यावाचून डाव रंगला होता आणि ते मला झोंबत होतं. चहा सांगून येतो म्हणून उठलो, तर कोणी वर बघितलंसुद्धा नाही.

जिन्यात पोचलो तेव्हा खेळात पहारेकरीण मेलेल्या वैद्याच्या बायकोसमोर उभी होती.

"दोरी आली होती माझ्या मनात," वरून बाईंचा आवाज आला. "पर वर ओढाय दोघं लागतात, बाई. वेशीवर मी एकलीच होते."

दोरी ओढायला माणूस लागतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी खाली न जाता तिथंच पायरीवर बसलो आणि पुढं ती काय सांगते ते ऐकू लागलो.